शब्दांची संगत : इंग्रजीत कोणता शब्द कोणाबरोबर नांदतो?

मराठीत चहा कडक असतो, ऊन कडक असते, शिस्त कडक असते आणि कपड्यांची इस्त्रीही कडक असते. थंडी मात्र कडाक्याची, वारा सोसाट्याचा, पाऊस मुसळधार आणि काळोख मिट्ट. वारा मुसळधार का नाही, काळोख सोसाट्याचा का नाही, हे मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. घरातल्या बोलण्यातून ते कानावर पडते आणि कायमचे बसते. इंग्रजीतही असेच आहे. तिथे पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', धुके 'थिक', थंडी 'बिटर' आणि काळोख 'पिच डार्क'. पण इंग्रजी आपल्यापैकी बहुतेकांना घरात मिळत नाही, पुस्तकातून मिळते, आणि पुस्तकात शब्द सुटे सुटे येतात. मग असे होते की शब्द पाठ असतात, व्याकरणही बरोबर असते, तरी वाक्य इंग्रजी वाटत नाही. नेमके काय बिघडले हे शिक्षकालाही पटकन सांगता येत नाही, कारण नियम कुठलाच मोडलेला नसतो. बिघडलेली असते ती शब्दांची संगत.

या संगतीला भाषाशास्त्रात 'कोलोकेशन' म्हणतात. या लेखात तिला 'शब्दसंगत' म्हणू. गेल्या शंभर वर्षांत इंग्रजीच्या शब्दसंगतीवर जेवढे काम झाले, तेवढे फार थोड्या भाषांच्या वाट्याला आले असेल. ते कोणी केले, त्यातून काय कळले, कोणते वाद अजून मिटलेले नाहीत आणि मराठी माणसाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

टोकियो, लाहोर, बर्मिंगहॅम

या अभ्यासाची पायाभरणी इंग्लंडपेक्षा बाहेर अधिक झाली. परक्यांना इंग्रजी शिकवताना जी अडचण रोज समोर येते, ती इंग्रजांच्या घरात दिसतच नाही. हॅरल्ड पामर हा इंग्रज शिक्षक 1922 मध्ये जपानला गेला आणि पुढच्या वर्षी टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था उभी राहिली. तिथून 1933 मध्ये पामरचा इंग्रजी शब्दसंगतींवरचा अहवाल निघाला. काही शब्दांचे गट विद्यार्थ्याने एकेका शब्दासारखे, अखंड शिकावेत. तुकडे जोडून ते बनवायला जाऊ नये, हा त्याचा गाभा. पामरचा सहकारी ए. एस. हॉर्नबी याने हीच दृष्टी ठेवून शिकणाऱ्यांसाठी कोश रचला. तो 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो नव्याने काढला. 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या नावाने आपल्याकडच्या कितीतरी घरांत जो जाडजूड ग्रंथ असतो, त्याचे मूळ हेच.

दुसरा धागा भारतातून जातो. जे. आर. फर्थ 1928 पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे लंडनला परतून ते ब्रिटनमधले सामान्य भाषाविज्ञानाचे पहिले प्राध्यापक झाले. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार त्यांनी 1950 च्या दशकात ठामपणे मांडला आणि 'कोलोकेशन' या शब्दाला भाषाशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून दिली. अर्थ शब्दाच्या पोटात असतो, ही तोवरची समजूत होती. फर्थनी तो शब्दाच्या शेजारातही शोधला. त्यांचे शिष्य मायकेल हॅलिडे यांनी 1966 मध्ये एक उदाहरण दिले, जे आजही प्रत्येक वर्गात सांगितले जाते. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. मोटार 'पॉवरफुल' असते. दोन्ही विशेषणांचा कोशातला अर्थ जवळजवळ सारखा, पण सोबती वेगळे.

तिसरा टप्पा संगणकाचा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी 1980 मध्ये कॉलिन्स प्रकाशनाबरोबर 'कोबिल्ड' प्रकल्प सुरू केला. प्रत्यक्ष छापलेली आणि बोललेली इंग्रजी लाखो शब्दांच्या प्रमाणात यंत्रात भरायची आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी किती वेळा येतो, हे मोजायचे. त्यातून 1987 मध्ये जो कोश आला, त्यातली उदाहरणे संपादकाने मनाने रचलेली नव्हती, वापरातून उचललेली होती. या कामातून सिंक्लेअर एका निष्कर्षाला आले. बोलणारा माणूस प्रत्येक जागी हवा तो शब्द निवडतो, असे आपण समजतो; प्रत्यक्षात त्याच्याजवळ अर्धवट बांधलेल्या तयार वाक्खंडांचा मोठा साठा असतो आणि बहुतेक वेळा तो त्यातूनच बोलतो. स्वतंत्र निवड होते ती जिथे असा खंड हाताशी नसतो तिथे.

योगायोग आणि संगत

दोन शब्द शेजारी आले म्हणजे त्यांची संगत जुळली असे नव्हे. इंग्रजीत 'द' हे उपपद जवळपास प्रत्येक नामाच्या आधी येते. त्याला संगत म्हणण्यात काही हशील नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा : निव्वळ योगायोगाने हे दोन शब्द जितक्या वेळा एकत्र यायला हवेत, त्यापेक्षा किती जास्त वेळा ते येतात? समजा, दहा लाख शब्दांच्या संग्रहात एक शब्द 1000 वेळा आला आणि दुसरा 100 वेळा. योगायोगाने ते लागोपाठ येण्याची अपेक्षा 0.1, म्हणजे एकदाही नाही असेच धरा. पण मोजल्यावर ते 20 वेळा लागोपाठ सापडले, तर अपेक्षेच्या 200 पट झाले. ही खरी संगत. केनेथ चर्च आणि पॅट्रिक हँक्स यांनी 1990 मध्ये हा विचार गणिती सूत्रात बसवला आणि कोशकारांच्या हाती नवे साधन आले. सिंक्लेअर तर फक्त लगतचा शब्द पाहत नसत. शब्दाच्या डावीकडचे चार आणि उजवीकडचे चार शब्द ते तपासत. जोडीतले दोन शब्द अनेकदा थोड्या अंतरावर बसतात, म्हणून ही काळजी.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. एका सूत्राने मोजले तर दुर्मीळ शब्दांच्या जोड्या वर येतात, दुसऱ्याने मोजले तर नेहमीच्या. म्हणून संशोधकांचा दुसरा पंथ मोजणीवर विसंबत नाही. आधी मॉस्कोत काम केलेले आणि नंतर कॅनडात स्थायिक झालेले इगोर मेल्चुक यांनी विचारले : अमुक नामाचा 'खूप' हा अर्थ दाखवायला भाषा कोणता शब्द वापरते? इंग्रजी पावसाला 'हेवी', चहाला 'स्ट्राँग', झोपेला 'साउंड' आणि निराशेला 'बिटर' हा शब्द लावते. अर्थ एकच, पण प्रत्येक नामाचा सोबती ठरलेला. मराठीत हा खेळ किती रंगतदार आहे ते पाहा : हिरवेगार, पिवळाधमक, लालभडक, काळाकुट्ट, पांढरेशुभ्र, गोडमिट्ट, कडूजहर. 'गार', 'धमक', 'भडक', 'कुट्ट' यांचे काम 'खूप' एवढेच आहे, पण एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. मोजणीचा पंथ आणि अर्थाचा पंथ यांत कोण बरोबर, हा वाद अजून चालू आहे. माझ्या मते जोडी शोधायला मोजणी लागते आणि ती समजावून सांगायला अर्थ लागतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

एका 'करणे'चे पाच संसार

मराठी माणसाची सर्वांत मोठी अडचण विशेषणांत नाही, क्रियापदांत आहे. आपले 'करणे' फार मोठ्या कुटुंबाचे. आपण चूक करतो, अभ्यास करतो, अंघोळ करतो, गुन्हा करतो, लग्न करतो. इंग्रजीत हे कुटुंब विभक्त झालेले आहे. चूक, आवाज, प्रयत्न, प्रगती, फोन आणि सबब 'मेक'कडे. गृहपाठ, भांडी, खरेदी, उपकार आणि नुकसान 'डू'कडे. गुन्हा 'कमिट'कडे, अंघोळ 'हॅव' किंवा 'टेक'कडे, लग्न 'गेट'कडे. 'मेक' म्हणजे काहीतरी नवे घडवणे आणि 'डू' म्हणजे काम पार पाडणे, असा नियम शिकवला जातो. तो थोडी वाट दाखवतो, पण लगेच तोकडा पडतो. नुकसान केल्यानेही काहीतरी घडतेच, तरी ते 'डू'च्या घरात.

'देणे'ची गोष्ट वेगळी आहे. आपण लक्ष देतो, भेट देतो, मान देतो. इंग्रजी यांतले बरेचसे 'पे'कडे सोपवते : 'पे अटेन्शन', 'पे अ व्हिजिट', 'पे रिस्पेक्ट्स'. हे एकदा लक्षात आले की तीन-चार जोड्या एकत्र पाठ होतात. इथे मातृभाषा आड येत नाही, उलट खुंटीसारखी उपयोगी पडते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही एकमत नाही. ब्रिटनमध्ये अंघोळीला 'हॅव' चालते, अमेरिकेत 'टेक'. निर्णय अमेरिकन माणूस 'मेक' करतो. ब्रिटिश माणूस 'मेक'ही करतो आणि 'टेक'ही. आपल्या 'निर्णय घेणे'शी हे ब्रिटिश 'टेक' तंतोतंत जुळते, म्हणून ते आपल्या तोंडी सहज बसले. काही विशेषणांचे सीमावादही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 'फास्ट' आणि 'क्विक' दोन्ही म्हणजे जलद. पण गाडी 'फास्ट', हे मुंबईच्या लोकलच्या प्रवाशाला वेगळे सांगायला नको, आणि घाईत उरकलेले जेवण 'क्विक'. माणूस आणि इमारत 'टॉल', डोंगर 'हाय'.

आधी कोण?

शब्दसंगतीचा एक देखणा प्रकार म्हणजे 'अँड'ने बांधलेल्या जोड्या : 'सॉल्ट अँड पेपर', 'ब्रेड अँड बटर', 'लॉ अँड ऑर्डर', 'ब्राइड अँड ग्रूम'. यांचा क्रम बदलला तर अर्थ तोच राहतो, पण कानाला खटकते. याकोव्ह माल्किएल यांनी 1959 मध्ये या न उलटणाऱ्या जोड्यांवर सविस्तर लिहिले. पुढे 1975 मध्ये विल्यम कूपर आणि जॉन रॉस यांनी क्रमामागची कारणे शोधली. जवळचे आधी, दूरचे नंतर. लहान शब्द आधी, मोठा नंतर. उच्चारात 'इ' असलेला आधी, 'आ' किंवा 'ऑ' असलेला नंतर. 'झिगझॅग', 'टिकटॉक', 'पिंगपाँग' यांत शेवटचा नियम स्पष्ट ऐकू येतो.

यातला लहान-मोठ्याचा नियम भारतीय वाचकाला नवा वाटू नये. पाणिनीने अष्टाध्यायीत द्वंद्व समासाबद्दल नेमके हेच सांगितले आहे : ज्या पदात स्वर कमी, ते आधी. म्हणून झाडांच्या नावांच्या जोडीत 'प्लक्ष' आधी आणि 'न्यग्रोध' नंतर. त्याच परंपरेने पुढे आणखी एक भर घातली : जे अधिक पूज्य, ते आधी. 'मातापितरौ' हे त्याचे उदाहरण, आणि आपल्या 'आईवडील'मध्ये तो मान आजही टिकून आहे. युरोपात ओटो बेहागेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लांबीचा नियम मांडला. पाणिनीच्या व्याकरणात तो दोन हजार वर्षांहून अधिक काळ आधी होता. इंग्रजी शब्दसंगतीच्या पाठ्यपुस्तकांत ही नोंद ठळकपणे असायला हवी.

मात्र सगळेच नियमाने ठरत नाही, हे मराठी आणि इंग्रजी जोड्या शेजारी ठेवल्या की दिसते. काही जोड्या दोन्हीकडे एकाच क्रमाने येतात : नवरा-बायको, नफातोटा, हातपाय, अन्नपाणी. काही नेमक्या उलट. इंग्रजी आधी मांस म्हणते आणि मग रक्त. आपण रक्तमांस म्हणतो. इंग्रजीत पुरवठा आधी, मागणी नंतर, मराठीत मागणी-पुरवठा. इंग्रजीत श्रीमंत आधी, आपल्याकडे गरीब-श्रीमंत. म्हणजे ध्वनीचे आणि अर्थाचे नियम कल दाखवतात; शेवटचा शब्द रूढीचा असतो. रूढीत समाजाची उतरंडही उमटते. इंग्लंडमध्ये थॉमस विल्सन यांनी 1553 मध्ये वक्तृत्वावर लिहिताना पुरुषाचा उल्लेख स्त्रीच्या आधी करणे हाच नैसर्गिक क्रम, असे बजावले होते. 'मेन अँड विमेन', 'हजबंड अँड वाइफ' या जोड्या त्या समजुतीच्या खुणा आहेत. 'लेडीज अँड जंटलमेन' मात्र सौजन्याच्या रीतीने उलट गेली.

राज्ये बदलली, जोड्या उरल्या

काही जोड्या इतिहासाने बांधल्या. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर कित्येक पिढ्या कायद्याची भाषा लॅटिन आणि फ्रेंच राहिली. लोकांची भाषा इंग्रजी. दस्तऐवजात दोन्हीकडचे शब्द शेजारी बसू लागले. मृत्युपत्रातले 'विल अँड टेस्टमेंट' यात पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिन वंशाचा. 'गुड्स अँड चॅटल्स', 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' यांतही देशी आणि फ्रेंच एकत्र नांदतात. सगळ्याच जोड्यांना हे कारण लागू पडत नाही. 'नल अँड व्हॉइड'मधले दोन्ही शब्द फ्रेंच-लॅटिन घराण्यातलेच. तिथे अर्थात फट राहू नये ही वकिलाची दक्षता दिसते आणि कानाला हवा असलेला तालही दिसतो.

महाराष्ट्राने हेच अनुभवले. कित्येक शतके दरबारी व्यवहार फारसीत चालला आणि लोकांची भाषा मराठी राहिली. 'अटी व शर्ती', 'कागदपत्र', 'धनदौलत', 'बाजारहाट', 'मानमरातब' या जोड्यांत एक शब्द इथल्या मातीतला आणि दुसरा अरबी-फारसीतून आलेला. राज्यकर्त्यांची भाषा आणि रयतेची भाषा एकाच वाक्यात यायला लागली की अशा जोड्या जन्मतात. म्हणून 'गुड्स अँड चॅटल्स' वाचताना मराठी माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. 'धनदौलत' म्हणताना तो तेच करत असतो.

ढवळ्याशेजारी पवळा

शब्दसंगतीच्या अभ्यासातून निघालेला सर्वांत खोल मुद्दा हा की सोबत्यांचा रंग शब्दाला लागतो. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, तसेच हे. इंग्रजीतल्या 'कॉज' या क्रियापदाचा कोशातला अर्थ साधा आहे : कारण होणे. पण संगणकावर तपासले तर त्याच्या पुढे अपघात, नुकसान, मृत्यू, त्रास, चिंता हीच नामे रांगेने उभी दिसतात. मायकेल स्टब्ज यांनी 1995 मध्ये हे आकड्यांनिशी दाखवले आणि त्याच्या उलट 'प्रोव्हाइड' बहुधा मदत, सेवा, संधी अशा चांगल्या गोष्टींबरोबर येते हेही दाखवले. सिंक्लेअर यांनी 'सेट इन' या क्रियापदाबद्दल हेच नोंदवले होते : जे 'सेट इन' होते ते बहुतेक वाईटच असते. बिल लाऊ यांनी 1993 मध्ये 'अटर्ली' या शब्दाची अशीच चिकित्सा केली.

हे समजायला मराठी वाचकाला पुरावा लागणार नाही. 'ओढवणे' घ्या. संकट ओढवते, मृत्यू ओढवतो, नामुष्की ओढवते. यश ओढवले असे कोणी म्हणत नाही. 'माजणे' घ्या : गोंधळ माजतो, बजबजपुरी माजते, शांतता माजत नाही. शब्दाचा हा छुपा रंग जुन्या कोशांत सहसा सापडत नाही, म्हणून परभाषेत लिहिताना आपण फसतो. एखाद्याने कृतज्ञतेने लिहिले की तुमच्या पत्राने मला आनंद 'कॉज' केला, तर वाक्य शुद्ध असूनही इंग्रजी वाचकाला ते विचित्र वाटते.

संगतीचा हा गुण कधी कधी नैतिक प्रश्न होतो. इंग्रजीत 'कमिट' हे क्रियापद गुन्हा, खून, पाप यांच्यासाठी वापरले जाते, आणि आत्महत्येलाही तेच लावले जात असे. इंग्लंडमध्ये 1961 च्या कायद्यापर्यंत आत्महत्या हा गुन्हाच होता. कायदा बदलला, जोडी राहिली, आणि गेलेल्या माणसाच्या घरच्यांवर तिने गुन्ह्याची सावली टाकणे चालू ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांत ही जोडी टाळायला सांगितले आहे. मराठीतले 'करणे' इतके सर्वसाधारण आहे की तिथे हा रंग येत नाही. पण इंग्रजीत बातमी लिहिणाऱ्या मराठी पत्रकाराने हे जरूर ध्यानात ठेवावे.

मनातला साठा

हे सगळे कागदावरचे झाले. मनात काय घडते? अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर यांनी 1983 मध्ये दोन कोडी मांडली. व्याकरणाने शक्य असलेल्या शेकडो रचनांतून जन्मजात भाषक नेमकी रूढ रचनाच कशी निवडतो? आणि विचार करायला वेळ नसताना तो इतके अस्खलित कसे बोलतो? दोन्हींचे उत्तर एकच : तो तयार खंड उचलतो. ब्रिट अर्मान आणि बिएट्रिस वॉरन यांनी 2000 मध्ये इंग्रजी मजकूर मोजून पाहिला, तेव्हा त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग अशा तयार खंडांचा निघाला. पुढे 2011 मध्ये वाचताना डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या प्रयोगांत दिसले की 'ब्राइड अँड ग्रूम' वाचायला 'ग्रूम अँड ब्राइड'पेक्षा कमी वेळ लागतो. जोडी रूढ असली की डोळा पुढे धावतो.

आज संगणकाची भाषाप्रारूपेही याच तत्त्वावर उभी आहेत. झेलिग हॅरिस यांनी अमेरिकेत 1954 मध्ये आणि फर्थनी ब्रिटनमध्ये जे मांडले, म्हणजे शब्दाची ओळख त्याच्या परिसरावरून होते, तेच 2013 मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'वर्ड टू व्हेक' या पद्धतीत आकड्यांत उतरवले. आता फोनवर टंकताना पुढचा शब्द सुचवला जातो, त्यामागेही शब्दाचा शेजार मोजण्याचीच कल्पना आहे.

'गिव्ह एक्झाम' : चूक की आपली रूढी?

आता आपल्या इंग्रजीकडे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्लंड-अमेरिकेत बरोबर उलटे : शिक्षक 'गिव्ह' करतात आणि विद्यार्थी 'टेक' करतो, किंवा ब्रिटिश रीतीने परीक्षेला 'सिट' करतो. भारतीय इंग्रजीने मात्र देशी भाषांची दिशा ठेवली. 'डू वन थिंग' हे 'एक काम करा'चे रूप. दिवा 'ओपन' करणे, पंखा 'क्लोज' करणे हेही असेच घरचे. यांतले काय सुधारायचे आणि काय राहू द्यायचे, हा या विषयातला सर्वांत तापलेला वाद आहे. ब्रज कछ्रू यांनी अनेक दशके मांडले की अशा जोड्या अज्ञानाच्या खुणा नसून इंग्रजी भारतात रुजल्याच्या खुणा आहेत. दुसऱ्या बाजूचे शिक्षक म्हणतात की परदेशी विद्यापीठ किंवा कंपनी हे औदार्य दाखवणार नाही.

या वादाला पुराव्याचा आधार देण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. त्यातला मजकूर 1978 सालचा आणि आराखडा अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या 1961 च्या मजकुरावर आधारलेल्या संग्रहासारखा, म्हणजे दोन्हींची तुलना सरळ करता यावी. जगभरचे संशोधक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणून ओळखतात. भारतीय इंग्रजीत काय रूढ आहे, हे कोणाच्या मतावर न सोडता मोजून सांगण्याची सोय कोल्हापूरने केली. महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या किती शिक्षकांना या कामाची ओळख करून दिली जाते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

माझे मत असे. 'गिव्ह एक्झाम' ही भारतात रूढ झालेली संगत आहे; ती बोलणाऱ्याला हसणे हे भाषेचे अज्ञान आहे. पण विद्यार्थ्याला दोन्ही जोड्या माहीत असल्या पाहिजेत. कुठे कोणती वापरायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य दोन्ही जाणणाऱ्यालाच मिळते.

शिकवायचे कसे?

महाराष्ट्रात इंग्रजी शिकण्याची मुख्य वाट पिढ्यान्‌पिढ्या भाषांतराची होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येकांची इंग्रजी उभी राहिली. 2000 पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली. धड्याखाली शब्दार्थ देण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही : एक इंग्रजी शब्द, समोर एक मराठी शब्द. या यादीतून मुलाला नाम कळते, पण ते कोणत्या क्रियापदाबरोबर नांदते हे कळत नाही. नादिया नेसेलहाउफ यांनी प्रगत जर्मन विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन तपासले, तेव्हा वर्षानुवर्षे शिकलेल्यांच्याही हातून क्रियापद आणि नाम यांच्या जोड्या चुकत होत्या आणि त्यात मातृभाषेचा मोठा वाटा होता. वय आणि सराव वाढला की हे आपोआप सुधारते, असे समजून चालणार नाही.

साधने आता भरपूर आहेत. 1986 मधला 'बीबीआय' कोश, 2002 मधला ऑक्सफर्डचा आणि 2010 मधला मॅकमिलनचा शब्दसंगतींचा कोश यांत नाम उघडले की त्याची क्रियापदे आणि विशेषणे समोर येतात. मायकेल लुईस यांनी 1993 मध्ये तर व्याकरणाऐवजी शब्दखंडांनाच अभ्यासक्रमाच्या मध्यभागी आणले. त्यांची सगळी मते पटण्याजोगी नाहीत. हजारो जोड्या पाठ करून भाषा येत नाही आणि व्याकरण सोडून दिले तर नवे वाक्य रचता येत नाही. पण शिकण्याचे एकक सुटा शब्द नसून शब्दाची जोडी आहे, हा त्यांचा मुद्दा शंभर वर्षांच्या अभ्यासाने पक्का केला आहे.

म्हणून पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना आणि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. धड्याखाली 'मिस्टेक म्हणजे चूक' असे देऊ नका. 'मेक अ मिस्टेक म्हणजे चूक करणे' असे द्या. 'अटेन्शन' एकटे शिकवू नका, 'पे'सकट शिकवा. फळ्यावर मराठी जोडी आणि इंग्रजी जोडी शेजारी लिहा आणि कुठे जुळते, कुठे फाटते हे मुलांनाच शोधू द्या. मुसळधार, सोसाट्याचा, मिट्ट हे शब्द ज्या मुलाला येतात, त्याला शब्दांची संगत म्हणजे काय हे आधीच ठाऊक असते. त्या ठेव्यावर विश्वास ठेवून इंग्रजी शिकवा. मराठी माध्यमातले मूल इंग्रजीत कमी पडणार नाही.